सहलीच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

दिवाळीची सुटी संपून शाळांचे दुसरे सत्र सुरू झाले, की आमच्या कोल्हापुरात घरोघरी मुलांच्या दप्तरातून एक कागद येतो. त्यावर सहलीचे ठिकाण, वर्गणीची रक्कम आणि तळाशी पालकाच्या सहीसाठी जागा एवढाच मजकूर असतो, आणि मूल हर्षभरित चेहऱ्याने समोर उभे असल्यामुळे ती सही बहुधा उभ्याउभ्याच होते. सहल हे शिक्षणाचे समर्थ अंग आहे अशी माझी दृढ श्रद्धा आहे. म्हणूनच माझ्या कन्येच्या एका सहलीने जे शिकविले, ते इतर पालकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

ती सहावीत असताना तिच्या शाळेची सहल कोकणात गेली. कागदावर ‘रत्नागिरी परिसर’ एवढाच उल्लेख होता. प्रत्यक्षात आंबा घाटाने उतरून पावस, रत्नागिरीचा थिबा राजवाडा आणि अखेरीस गणपतीपुळे, असा सगळा बेत एका दिवसात उरकावयाचा होता. पहाटेची गाडी उशिरा निघाली, प्रत्येक स्थळी थोडाथोडा विलंब साचत गेला, आणि मुले पुळ्याच्या किनाऱ्यावर पोहोचली तेव्हा सूर्य मावळतीला आला होता व ओहोटी लागली होती. देवदर्शनाची रांग, खाण्याची व्यवस्था आणि हजेरी यांत शिक्षक विभागले गेले असताना काही मुले गुडघाभर पाण्यात उतरली. परतणाऱ्या लाटेने पायांखालची वाळू ओढून नेली आणि एक मुलगा पडून आत खेचला जाऊ लागला. किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या एका गृहस्थांनी धावत जाऊन त्याला दंडाला धरून बाहेर काढले, म्हणून तो वाचला. गाडी परतली ती मध्यरात्र उलटल्यावर, आणि शाळेच्या फाटकापाशी ताटकळणाऱ्या आम्हा पालकांपैकी एकाकडेही गाडीतील शिक्षकांचा फोन नंबर नव्हता. घडला प्रकार मला दुसऱ्या दिवशी मुलीच्या तोंडून कळला.

त्या शिक्षकांवर ठपका ठेवून मोकळे होणे मला पटत नाही. दिवसभर दमलेली ती माणसे मुलांवर जीव लावणारीच होती. माझ्या मते ते संकट कार्यक्रम आखला गेला त्याच दिवशी ओढवले होते. कोल्हापूरहून गणपतीपुळे सुमारे दीडशे किलोमीटर, त्यात घाट. दिवसाचा मोठा भाग गाडीतच जाणार आणि समुद्र नेमका सर्वांत थकलेल्या वेळेच्या वाट्याला येणार, हे कागदावर वेळा मांडल्या असत्या तर कोणाच्याही ध्यानी आले असते. सबब, सही करण्यापूर्वी पालकाने वेळांसह लेखी तपशील मागावा, आणि एका दिवसात दोहोंपेक्षा अधिक दूरची स्थळे दिसली तर मुख्याध्यापकांना आदराने परंतु स्पष्ट शब्दांत हरकत कळवावी. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी मिळाली आहे काय, आणि गाडी एस. टी.ची की खाजगी, ही विचारणा करण्याचाही पालकाला पूर्ण अधिकार आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र किंचितही मुभा देऊ नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात क्षमतेहून अधिक भार घेतलेली नाव उलटून १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका गेल्या, आणि त्यांतील अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. तो शांत तलाव होता, हे विसरू नये. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जावयाचे असेल, तर होडीत पाय ठेवण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या अंगात जाकीट असेल, असे शाळेकडून लेखी घ्यावे. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गतवर्षीच्या अनुभवाचा हवाला येथे निरुपयोगी असतो. तिथीवरून ती वेळ अचूक सांगणारी माणसे किनाऱ्यावर आजही आहेत, त्यांना विचारून मगच दिवस ठरवावा.

आणि खरे पाहता, दूर जाण्याची एवढी ओढ आपल्याला का असावी? शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात, ४८ खांबांच्या स्वर्गमंडपात उभे राहून छताच्या वर्तुळातून आकाश पाहणारे मूल शिल्प, भूमिती आणि इतिहास एकाच वेळी शिकते. राधानगरीला शाहू महाराजांनी उभारविलेल्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबाने कसे उघडतात, हे जागेवर समजावून घेण्यास निम्मा दिवस पुरतो. पन्हाळा तर उशाशी आहे. मात्र तेथेही अंधारबावीच्या काळोख्या पायऱ्यांवर एका वेळी मोजकीच मुले सोडावीत आणि तटाच्या कडेला शिक्षकांनी उभे राहावे.

त्या सहलीनंतर आम्ही काही पालक मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, आणि पुढील वर्षीच्या कागदावर निघण्या-पोहोचण्याच्या वेळा, सोबतच्या शिक्षकांची नावे व फोन नंबर छापून आले. दमा, फेफरे, घाटात होणारी ओकारी, एखाद्या औषधाचे वावडे, यांची नोंद करण्यासाठी पालकांना त्यावर एक रकाना दिला होता. तो रकाना आपण संकोच न करता भरावा, आणि औषध मुलाच्या पिशवीत न टाकता मात्रेच्या चिठ्ठीसह वर्गशिक्षिकेच्या हाती द्यावे.