पत्रा ट्रेला, चुंबक शिपायाला

असईची लढाई टेबलावर मांडायचं मनावर घेतलंयस ना, मग रंगाच्या बाटल्या उघडायच्या आधी शिपाई ज्यावर उभे करून एकत्र हलवायचे त्या ट्रेचा विचार कर. 23 सप्टेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्ली उतार शोधून नदी ओलांडून आला, तेव्हा शिंद्यांच्या बाजूच्या पोलमननं त्यांच्या कवायती पलटणींचा सगळा मोहरा फिरवून त्याच्यासमोर उभा केला. त्या दिवसातलं मला सर्वांत देखणं वाटतं ते हेच. टेबलावर एकेक शिपाई उचलून ते करायला गेलास तर अर्धी संध्याकाळ त्यातच जाईल, आणि संगिनी एकमेकींत अडकून मोडतील त्या वेगळ्याच. पलटण एका हातानं, एका झटक्यात वळली पाहिजे.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेव: चुंबक शिपायाच्या पायाखाली, लोखंड ट्रेमध्ये. पत्र्याला स्वतःचा कायमचा ध्रुव नसतो, त्यामुळे चुंबक कुठल्याही बाजूनं बसला तरी चिकटतो आणि कुठलाही शिपाई कुठल्याही ट्रेवर उभा राहतो. दोन्हीकडे चुंबक लावलेस तर एक उलटा बसलेला शिपाई तुला छळत राहील. रबरी चुंबकाच्या शीटचं तर आणखीच अवघड. तिच्यात ध्रुवांचे बारीक पट्टे असतात, म्हणून शीटवर शीट ठेवली की शिपाई मनाजोगा बसत नाही, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर कट् कट् घसरतो.

पत्र्यावर फार खर्च करू नकोस. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा मिळाला तर उत्तम. साबणाच्या गरम पाण्यानं चिकटपणा पूर्ण काढ. नाहीतर बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जीआय पत्र्याचा तुकडा घे, साधारण 0.4 मिमी जाडीचा. जाताना खिशात एक चुंबक ठेव. चकचकीत स्टील दिसलं म्हणून घेऊ नकोस. भांड्यांच्या चांगल्या स्टीलला चुंबक बहुधा चिकटत नाही. शीतपेयाचे डबे ॲल्युमिनियमचे, तेही इथे कामाचे नाहीत.

आता माप. 24 शिपायांची पलटण, 20 मिमीचे चौकोनी बेस, दोन रांगा. एकच 240 मिमी लांब ट्रे करू नकोस. तीन बाय दोनचे, म्हणजे 60 बाय 40 मिमीचे चार तुकडे कर. शेजारी शेजारी लावले की लढाईची ओळ, एकामागे एक लावले की वाटेनं कूच करणारी पलटण. मोहरा वळवताना एक बाजू जागेवर ठेवून बाकीचे तुकडे फिरवता येतात. आणि माप कागदावरून घेऊ नकोस. रंगवलेले शिपाई पट्टीशेजारी उभे करून मोज. रंग आणि वॉर्निशच्या थरांनी तीन बेसमागे अर्धा-एक मिलिमीटर सहज वाढतो. तेवढी जागा सोड.

पत्रा नुसता वाकतो, म्हणून त्याखाली 3 मिमीचा एमडीएफ हवा. पांढरा फेविकॉल पत्र्याला नीट धरत नाही. फेव्हिबॉण्ड दोन्ही पृष्ठभागांना लाव, सुकू दे आणि मग दाब. पत्रा एमडीएफपेक्षा चारही बाजूंनी 1 मिमी लहान काप. त्याची धार आत राहते, बोट कापत नाही, आणि ती पायरी पुट्टीनं भरून मातीसारखी रंगवता येते. कापल्यावर कडांवरून कानस फिरवायचीच. बाजूला कठड्याची पट्टी लावू नकोस. चार तुकडे जोडले की त्या पट्ट्या ओळीत भेगांसारख्या दिसतात, आणि चुंबक असताना त्यांची गरजही नसते.

पत्र्याच्या वरच्या बाजूला वाळू, भुसा, गवत काहीही चिकटवू नकोस. मधे एक मिलिमीटर अंतर पडलं तरी रबरी चुंबकाची पकड जवळजवळ संपते. रंगाचा पातळ हात पुरे. सजावट कडांवर कर.

प्लास्टिकच्या शिपायाला रबरी शीटचा चौकोन पुरतो. फ्रिज मॅग्नेटची ती शीट 0.8 मिमीच्या आसपास जाडीची घे, त्याहून पातळ घेऊन हात चोळत बसायला नको. धातूचा शिपाई, घोडेस्वार, तोफ यांना निओडिमियमचा 5 बाय 2 मिमीचा गोल चुंबक लाव. बेस खालून पोकळ असतो, तिथे चुंबक नेमका तळाच्या पातळीला बसवणं हेच खरं कौशल्य, आणि त्याची युक्ती सोपी आहे. सपाट पत्र्यावर प्लास्टिकचा पातळ कागद अंथर, त्यावर चुंबक ठेव. पोकळीत एम-सील भरून बेस त्यावर दाब आणि रात्रभर राहू दे. पत्राच चुंबकाला खाली धरून ठेवतो, सकाळी तो तळाशी अगदी सपाट बसलेला मिळतो. चुंबकावरचा निकेलचा मुलामा गुळगुळीत असतो, म्हणून आधी पॉलिश पेपर हलका फिरव. ग्लू गन मात्र वापरू नकोस. साधे निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या वर शक्ती गमावू लागतात.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. हे बारीक चुंबक लहान मुलांच्या हाती पडू देऊ नकोस. दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात, मधलं आतडं दाबलं जाऊन त्याला भोक पडू शकतं. सुटे चुंबक झाकणाच्या बाटलीत, बाटली वरच्या फळीवर, आणि काम संपलं की मोजून ठेवायचे. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं.

ताईच्या मुलाकडे वॉरहॅमर या खेळाचं जुनं सैन्य आहे, त्यालाही हे सांग. त्याच्या 2024 च्या ‘द ओल्ड वर्ल्ड’ या आवृत्तीत माणसांच्या पायदळाचे बेस 25 मिमीचे झाले आणि त्याचे सगळे 20 मिमीचे. बेस उपटायची काही गरज नाही. पाच बाय चारचा ट्रे 125 बाय 100 मिमीचा करायचा, पत्र्यावर 25 मिमीच्या चौकटी बारीक रेघांनी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीच्या मधोमध शिपाई ठेवायचा. चुंबक त्याला तिथेच धरतो.

प्रत्येक बेसच्या खाली मार्करनं आकडा घाल, तोच ट्रेच्या कडेवरही. भाले-संगिनी कुठल्या क्रमानं बसतात ते एकदा जुळवलं की पुन्हा शोधावं लागत नाही. आणि ट्रेच्या खालच्या अंगाला रबरी शीटचा तुकडा लाव. घरात पडलेली पत्र्याची ट्रंक काढ, तिच्या तळाला अख्खी पलटण ट्रेसकट चिकटते. खेळायला दुसऱ्याच्या घरी जाताना फोमच्या महागड्या बॅगेची गरज पडत नाही. मात्र ट्रंक आडवीच धर, आणि तोफा सगळ्यांत शेवटी ठेव.