संप्रेरके आणि स्तनाचा कर्करोग

अंतःस्रावी ग्रंथी आपले रस थेट रक्तात सोडतात. या रसांना संप्रेरके अथवा हार्मोन म्हणतात. मुलीचे वयात येणे, गर्भाची वाढ, मातेचे दूध ही कार्ये त्यांच्यावाचून होत नाहीत. कर्करोगाच्या वाढीसही त्यांचा हातभार लागतो, हे ध्यानात येण्यास मात्र गोठ्यातील एक प्रथा कारणीभूत झाली.

व्यालेल्या गाईचे बीजांडकोश काढल्यास ती अधिक काळ दूध देते, असा काही देशांतील पशुपालकांचा अनुभव होता. त्यावरून ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तन व बीजांडकोश यांचा संबंध ताडला. स्तनाचा कर्करोग उलटलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे बीजांडकोश त्यांनी १८९५ मध्ये काढले. काही महिन्यांत गाठी विरल्या. त्यावेळी ‘हार्मोन’ हा शब्दही रूढ झालेला नव्हता! पुढे चार्ल्स हगिन्स यांनी पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाबाबत असेच दाखवून दिले. त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक लाभले.

तथापि या उपायाने सर्वांनाच गुण येत नसे. याचा उलगडा कालांतराने झाला. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक ज्या पेशींत त्याचे ‘ग्राही’ असतात, त्यांनाच विभाजनाचा आदेश देते. कुलपाविना किल्ली निरुपयोगी, तसेच हे. पेशी जितक्या वेळा विभागते, तितक्या वेळा चूक होण्याचा संभव. म्हणूनच पाळी लवकर येणे व उशिरा जाणे यांनी धोका थोडा वाढतो, तर दीर्घकाळ अंगावर पाजण्याने तो थोडा घटतो. अर्थात, रोग झालेल्या स्त्रीस यावरून बोल लावणे सर्वस्वी अन्यायाचे होय. पाळी गेल्यानंतर संयुक्त संप्रेरकांच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही धोका वाढतो, हे २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दिसून आले.

निम्म्याहून अधिक स्तनकर्करोगांत हे ग्राही आढळतात. म्हणून गाठीचा तुकडा तपासताना ग्राहींची परीक्षा केली जाते. ते असल्यास टॅमॉक्सिफेनसारखी गोळी त्या कुलपात बसून इस्ट्रोजेनची वाट अडविते. ही गोळी पाच वर्षे, क्वचित दहा वर्षे, दररोज घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून मध्येच सोडल्यास रोग उलटण्याचा धोका वाढतो. आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि न दुखणारी गाठ घरात कोणास दाखवावयाची नाही, अशीच आपल्याकडील अनेक स्त्रियांची रीत आहे. गाठ लहान असताना मात्र उपचार सोपे असतात व यशही अधिक येते.