शिडाच्या नौकेचा पक्का टप

टांग्याचा टप तुमच्यापैकी काहींनी प्रत्यक्ष पाहिला असेल, काहींनी चित्रात. ऊन-पाऊस अडवणारे, मागे दुमडता येणारे ते कापडी छप्पर. समुद्रावर लांबचा प्रवास करणाऱ्या शिडाच्या नौकांवरही असाच एक टप असतो. फरक एवढाच, की टांग्याच्या टपावर फार तर वळवाची सर कोसळते. या टपावर समुद्र कोसळतो.

अशा नौकेच्या मागच्या भागात एक उघडा खळगा असतो. त्याला कॉकपिट म्हणतात. सुकाणू धरणारा, शिडांच्या दोऱ्या ओढणारा माणूस तेथे बसतो, आणि केबिनमध्ये उतरण्याची वाटही तेथूनच असते. वारा समोरून असला की नाळेवर फुटलेल्या लाटेचे तुषार थेट या खळग्यात येतात. अंग भिजणे ही नुसती गैरसोय आहे असे समजू नका. अंगावरच्या ओल्या कपड्यांतून तासाभरात १०० ग्रॅम पाणी वाऱ्याने उडून गेले, तर त्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४० किलोज्यूल उष्णता लागते. त्यातली बरीचशी शरीरातून येते. २४० किलोज्यूलला ३,६०० सेकंदांनी भागा. उत्तर येते ६७ वॅट. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते. म्हणजे मिळकतीचा मोठा हिस्सा कपडे वाळवण्यातच खर्च व्हायचा! थंड समुद्रात चार तासांचा पहारा असा काढणाऱ्याची बोटे बधिर होतात, मग विचारही मंदावतो, आणि मंदावलेल्या डोक्याने केलेली एखादी चूक तेथे जिवावर बेतते.

म्हणून हा आडोसा. १९६० साली अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडण्याची पहिली शर्यत झाली. तिच्यात फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पहिले आले आणि ब्लाँडी हॅस्लर ४८ दिवसांत दुसरे. हॅस्लर यांच्या ‘जेस्टर’ या छोट्या नौकेला नेहमीचे उघडे कॉकपिट नव्हतेच. डेकमधल्या एका गोल झरोक्यावर बाबागाडीसारखा कापडी टप बसवलेला होता. १९६४ च्या शर्यतीत विजयी झालेले फ्रेंच नाविक एरिक ताबार्ली यांच्या नौकेवर तर एका जुन्या संडरलँड समुद्री विमानाचा पारदर्शक घुमट बसवला होता. त्यात डोके घालून ते कोरड्या अंगाने चौफेर पाहू शकत.

कापडी टप स्वस्त असतो, दुमडता येतो. पण उन्हाने विरतो, जोराच्या वाऱ्यात फडफडतो, आणि तोल गेलेल्या माणसाने त्याचा आधार घेतला तर माणसासकट वाकतो. म्हणून लांबच्या सफरीवर निघणारे बरेच जण पक्का, टणक टप बांधतात. पुष्कळदा स्वतःच्या हाताने, अंगणात किंवा गोदीच्या एका कोपऱ्यात.

तो किती मजबूत हवा? वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे: घनतेची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. वारा ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर किंवा सेकंदाला १५.४ मीटर असेल आणि हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर दाब येतो दर चौरस मीटरला सुमारे १४२ न्यूटन. साडेचौदा किलोग्रॅम वजनाइतका. दीड चौरस मीटरच्या टपावर तो बावीस किलोग्रॅमच्या आसपास जातो. हे काही भयंकर नाही.

आता त्याच सूत्रात हवेऐवजी समुद्राचे पाणी घाला. घनता १,०२५. वेग मुद्दाम कमी, सेकंदाला ५ मीटर घेऊ; एवढ्या वेगाने तुम्ही सायकल चालवता. दाब येतो दर चौरस मीटरला सुमारे १२,८०० न्यूटन, म्हणजे १.३ टन! अर्ध्या चौरस मीटरच्या काचेवर ६५० किलोग्रॅम. फुटून आलेली लाट हीच टपाची खरी परीक्षक, वारा नव्हे.

यावर सरळ उपाय कोणता सुचतो? जाड, भक्कम सामग्री वापरावी. पण येथेच नौका आपल्याला अडवते. टप बसतो उंचावर, आणि नौकेवर उंचावरचे वजन महाग पडते. नौका एका कुशीवर कलली की तिचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते, आणि पाण्याचा उद्धारक जोर बाजूला सरकलेल्या रेषेतून वर लोटतो. या दोन रेषांमधल्या अंतरामुळे नौका पुन्हा उभी राहते. थोड्या कलण्यात उद्धारक जोराची रेषा नौकेच्या मध्यरेषेला जेथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य त्याच्या जितका खाली, तितकी नौकेची सावरण्याची ताकद अधिक. कीलमध्ये, म्हणजे तळाला जोडलेल्या जड पात्यात, टनावारी शिसे किंवा बीड घालतात ते त्यासाठीच.

समजा, टप नसताना नौकेचे वजन ६,००० किलोग्रॅम आहे आणि टप गुरुत्वमध्याच्या अडीच मीटर वर बसणार आहे. टप ६० किलोग्रॅमचा असेल तर गुरुत्वमध्य ६० × २.५ ÷ ६,०६० = ०.०२५ मीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटर वर चढेल. मेटासेंटर मुळात एक मीटर वर असेल, तर सावरण्याची ताकद अडीच टक्क्यांनी घटली. हे चालून जाईल. टप १३५ किलोग्रॅमचा केला तर साडेपाच सेंटिमीटर. हा आकडा कोणाही विचारी नाविकाला खटकेल. किलोग्रॅम तोच, कीलमध्ये तो मित्र असतो, टपावर शत्रू.

तर प्रश्न असा उरला: टप ताठ हवा, पण हलका. उत्तर तुमच्या घरातल्या पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यातच आहे. दोन पातळ कागद आणि मध्ये जवळजवळ हवाच. तरी पुठ्ठा सहज वाकत नाही. का?

एखादी पट्टी वाकवली की तिची आतल्या बाजूची कड दाबली जाते, बाहेरची ताणली जाते, आणि मधोमध असलेल्या थराला फारसे काही होत नाही. म्हणजे काम करतात ते कडेचे थर; मधले नुसते जागा अडवून बसलेले. त्यातून हा नियम निघतो, की पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, ताठपणा आठपट.

आता काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांचा ३ मिलिमीटर जाडीचा भरीव पत्रा घ्या. ३ चा घन २७. हाच पत्रा सोलून दीड-दीड मिलिमीटरचे दोन थर केले आणि त्यांच्यामध्ये १२ मिलिमीटरचा हलका फोम चिकटवला, तर एकूण जाडी झाली १५. फोमचा स्वतःचा ताठपणा नगण्य धरून मधले १२ वजा करू: १५ चा घन ३,३७५, १२ चा घन १,७२८, वजाबाकी १,६४७. त्याला २७ ने भागा. बरोबर ६१! ताठपणा ६१ पट झाला. आणि वजन? भरीव पत्रा दर चौरस मीटरला ५.४ किलोग्रॅम होता. त्यात भर पडली एका किलोग्रॅमहूनही कमी. इतका ताठपणा भरीव पत्र्याने मिळवायचा तर त्याची जाडी जवळजवळ १२ मिलिमीटर आणि वजन दर चौरस मीटरला एकवीस किलोग्रॅमच्या वर गेले असते. पाच चौरस मीटरच्या टपाला ३२ किलोग्रॅमऐवजी १०६. वरच्या उदाहरणातले ६० आणि १३५ हे आकडे असेच आले आहेत. प्रत्येकात खिडक्या, दांड्या, नटबोल्ट आणि रंग यांचे २८-२९ किलोग्रॅम मिळवले की झाले.

मधल्या गाभ्याला मात्र फुकटचा समजू नका. शंभर पानांची वही दोन्ही हातांनी वाकवून पाहा. पाने एकमेकांवरून घसरतात म्हणून ती सहज वाकते. तीच पाने एकमेकांना चिकटवली तर पाटी होईल. दोन्ही थरांना अंतरावर ठेवायचे आणि घसरू द्यायचे नाही, हे गाभ्याचे काम. फोम थोडाफार घसरू देतोच, म्हणून प्रत्यक्षात ६१ पटीपेक्षा काही कमी मिळते. १९४० साली प्रथम उडालेल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानाचा सांगाडा याच युक्तीचा होता: बाहेर बर्चच्या लाकडाचे प्लायवुड, आत हलके बाल्सा. आपल्या नौदलाची ‘म्हादेई’ गोव्यात बांधली तीही लाकडी गाभ्यावर काचतंतूंचे थर चढवून. त्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय.

हा प्रयोग तुम्ही शाळेत करू शकाल. दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यात येतो तसल्या थर्मोकोलच्या ५० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि १ जाड अशा चार सारख्या पट्ट्या कापा. एक तशीच ठेवा. दोन पट्ट्यांना फक्त एका बाजूने आणि चौथीला दोन्ही बाजूंनी ड्रॉइंगचा कागद चिकटवा. पाण्यातला पांढरा गोंदच वापरा. रबर चिकटवण्याच्या द्रावणाने थर्मोकोल विरघळतो. पूर्ण वाळल्यावर ४० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पुस्तकांवर पट्टी टेकवा, मध्यभागी कागदी पेला टांगा आणि त्यात गोट्या टाकत जा. एका बाजूच्या कागदाची एक पट्टी कागद वर करून तपासा, दुसरी कागद खाली करून. कागद वर असेल तर थर्मोकोल खालून तडकतो, कारण ताण त्याला सोसत नाही. कागद खाली असेल तर तो ताण घेतो आणि पट्टी जास्त गोट्या पेलते. दोन्ही बाजूंना कागद असलेल्या पट्टीचे काय होते ते मी सांगत नाही. वरच्या कागदावर नीट लक्ष ठेवा, म्हणजे झाले.

प्रत्यक्ष बांधणीची सुरुवात मात्र सूत्रांनी होत नाही, पुठ्ठ्याने होते. पातळ पट्ट्या आणि पुठ्ठे यांचा खोटा टप नौकेवर उभारतात आणि त्यात तासन्‌तास बसून पाहतात. उभे राहिल्यावर टपाची वरची कड नेमकी डोळ्यांसमोर येत असेल, तर ना वरून दिसते ना काचेतून. बूम, म्हणजे मुख्य शिडाखालची आडवी दांडी, टपाला घासता कामा नये. हे सगळे जमले की मग आडव्या कमानींचा साचा करतात. छत कधीही सपाट ठेवत नाहीत. कागदाचा ताव एका कडेला धरा, तो लुळा पडतो. त्याच कडेला थोडी पन्हळ द्या, तो ताठ उभा राहतो. शिवाय बाकदार छतावर पाणी साचत नाही.

साच्यावर फोमच्या पट्ट्या बसवून वरून राळेत भिजवलेले काचतंतूंचे कापड चढवतात, मग सगळे उलटे करून आतून. थर फोमला सर्वत्र घट्ट चिकटावा म्हणून पुष्कळ जण वातावरणालाच कामाला लावतात. सगळ्यावर प्लॅस्टिकची चादर अंथरून कडा हवाबंद करतात आणि पंपाने आतली निम्मी हवा काढतात. दर चौरस मीटरला सुमारे पाच टनांचा दाब, आणि तोही सगळीकडे सारखा! इतकी वजने रचायला गोदीतले सगळे हमाल पुरले नसते. राळेबाबत एक सावधगिरी: ती घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. पातळ थरातली उष्णता निघून जाते. डब्यात तशीच राहिलेली राळ इतकी तापते की धूर निघू लागतो. हे काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, जाणत्या माणसानेच करायचे.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे बोल्टांची. या फोमचा दर चौरस मिलिमीटरला साधारण १.३ न्यूटन दाबाखाली चुरा होतो. ३० मिलिमीटर व्यासाचा वायसर ८५०-९०० न्यूटनपलीकडे त्यात रुतेल, आणि पान्याने आवळलेला ८ मिलिमीटरचा बोल्ट याच्या दहापट जोर सहज लावतो. म्हणून बोल्ट जेथून जायचे तेथला फोम आधीच कोरून काढतात आणि तेथे घट्ट राळ भरतात. मला विचाराल तर टपाचा चांगला कारागीर ओळखावा तो येथे, वरच्या चकचकीत रंगावरून नव्हे. हाताने धरण्याच्या दांड्याही अशा भरीव जागीच बसवायच्या, कारण वादळात माणूस सगळ्या अंगाचा भार त्यांच्यावर टाकतो.

खिडक्या बहुधा ॲक्रिलिकच्या. हे प्लॅस्टिक तापल्यावर मीटरला, अंशाला ०.०७ मिलिमीटर प्रसरण पावते. पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक पडला तर मीटरभर लांबीची काच २.८ मिलिमीटर वाढेल, पण काचतंतूंची चौकट फक्त ०.६ च्या आसपास. छिद्रे बोल्टाच्या मापाचीच पाडली तर काच छिद्रापाशी तडकते. म्हणून छिद्रे दोन-तीन मिलिमीटर मोठी पाडतात आणि कडेने रबरासारखे लवचीक लांबण भरतात.

टप तयार झाला की त्यावर सौर पत्रे बसवण्याचा मोह सर्वांनाच होतो. तेव्हा हे गणित तुम्हीच करा: वरच्या नौकेत ६० किलोग्रॅमचा टप बसवलेला आहे, आता प्रत्येकी १२ किलोग्रॅमचे दोन सौर पत्रे गुरुत्वमध्याच्या २.६ मीटर वर बसवले, तर गुरुत्वमध्य आणखी किती चढेल? उत्तर एका सेंटिमीटरच्या आसपास यायला हवे.