विषादावरील औषध आणि सोबतचा व्याधी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत राबणारा रुग्ण आपल्याकडे निद्रानाश, अग्निमांद्य वा अंगदुखी सांगत येतो; विषाद त्यामागे दडलेला असतो, आणि पुष्कळदा मधुमेह वा रक्तदाबही सोबत असतो. अशा रुग्णास मनोविकारतज्ज्ञांनी दिलेले औषध का निवडले गेले, हे वैद्याने व औषधविक्रेत्यानेही जाणून घ्यावे. ही निवड मनाइतकीच शरीराकडे पाहून करावी लागते.

अमिट्रिप्टिलीन जुने व स्वस्त. झोप आणते, वेदना शमवते. परंतु हृदयविकार, काचबिंदू वा मूत्रावरोध असल्यास ते टाळणे श्रेयस्कर. शिवाय ते घाम कमी करते. सोलापूरच्या वैशाखात यंत्रमागाच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या कामगाराच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. त्याचा मात्रातिरेक जीवघेणा ठरतो. म्हणून आत्मघाताचे विचार असलेल्याच्या हाती महिन्याचा साठा देऊ नये.

हृदयरुग्णांत सर्ट्रालीनला सामान्यतः पसंती असते. मधुमेहजन्य नाडीदाहात ड्युलोक्सेटिन वेदना व विषाद दोहोंवर उपयुक्त; अनियंत्रित रक्तदाब व यकृतविकारात मात्र नको. मिर्टाझापिनने भूक व वजन वाढते, ते कृश रुग्णास हितकर, स्थूल मधुमेह्यास अहितकर. अपस्मारात बुप्रोपिऑन वर्ज्य. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन यांसोबत अ‍ॅस्पिरिन वा वेदनाशामके चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कंबरदुखीची गोळी सहज मागून नेणारा गिऱ्हाईक प्रत्येक दुकानदाराच्या परिचयाचा आहे!

आता आपल्याच कपाटाकडे वळू. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील अनुभव मांडला आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले; पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांत विषाद उद्भवल्याच्या नोंदी येऊ लागल्या. हा संबंध किती दृढ, याविषयी आज मतभेद आहेत. तथापि विषादाच्या रुग्णास रक्तदाब वा निद्रानाशासाठी सर्पगंधा देऊ नये, असेच माझे मत आहे. पर्याय पुष्कळ आहेत.

यष्टिमधूचेही तसेच. दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. एस्सिटालोप्राम घेणाऱ्याच्या हृदयगतीस त्याने बाधा पोहोचू शकते.

आयुर्वेदिक चिकित्सा सुरू झाली म्हणून रुग्ण आधीची गोळी एकाएकी सोडतो, तेव्हा चक्कर, अस्वस्थता व विषादाचा पुनरुद्भव संभवतो. मात्रा कमी करायची ती मनोविकारतज्ज्ञांनीच, क्रमाक्रमाने. आपण दिलेल्या कल्पांची नावे व मात्रा चिठ्ठीवर सुवाच्य लिहून ती रुग्णासोबत त्यांच्याकडे धाडावी. ‘आयुर्वेदिक औषध चालू’ एवढे लिहून भागत नाही.