अंड्यांचे राखणदार

(काचेच्या पेटीतील एका लहानशा माशाची अंडी कशी जपावीत, हे या पाठात सांगितले आहे. पेटीतून आपण नदीकडे व समुद्राकडेही वळणार आहोत.)

विद्यार्थी मित्रांनो, मासा म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? बाजारातील कोळणीची पाटी, तिच्यातील बोंबील आणि मांदेली, घरी शिजणारे सालन! पण काचेच्या पेटीत पोहणारा मासा तुम्ही कधी शांतपणे पाहिला आहे का? पाच मिनिटे टक लावून पाहा. तो तुम्हांला पुष्कळ काही शिकवील.

शाळेत, दवाखान्यात किंवा एखाद्या दुकानात अशी पेटी असते. तिच्यात अनेक जातींचे मासे एकत्र नांदतात. वरच्या बाजूला गप्पी, मध्ये टेट्रा आणि एंजल, तर तळाशी वाळू हुंगत फिरणारा एक लहानसा मिशाळ मासा. त्याच्या तोंडाजवळ मांजराच्या मिशांसारखे मऊ तंतू असतात. म्हणून त्याला 'कॅटफिश' म्हणतात. या तंतूंनी तो अन्न शोधतो. वाळू टोकदार असली तर ते झिजतात; म्हणून पेटीत बारीक, गुळगुळीत वाळू घालावी.

दुकानदार या माशाला 'कोरी' म्हणतात. त्याचे पूर्ण नाव कोरिडोरस. त्याचे घर दूर दक्षिण अमेरिकेतील नद्यांत आहे. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजातून जगप्रवासाला गेले होते. तेव्हा त्यांनी ठिपक्याठिपक्यांच्या कोरीचे नमुने गोळा केले. १८४२ साली त्या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे १८७८ साली पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिये यांनी पेटीत या माशाची पैदास केली. आज हा मासा पनवेलपर्यंत येऊन पोहोचला आहे!

कोरी मधूनच झपकन वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. हे पाहून घाबरू नका. त्याचे आतडे हवेतील प्राणवायू शोषून घेऊ शकते. मात्र तो सारखाच वर येऊ लागला तर पाणी बिघडले आहे, असे समजावे.

आता अंड्यांची गोष्ट ऐका. कोरी एकटा कधी ठेवू नये. पाच-सहा मासे एकत्र ठेवावेत. वरून पाहिले की मादी नरापेक्षा रुंद व गोल दिसते. काही दिवस त्यांना चांगले खाद्य द्यावे. मग पेटीतील साधारण तिसरा हिस्सा पाणी काढून तेवढेच, पण दोन-तीन अंशांनी थंड पाणी हळूहळू घालावे. नळाचे पाणी एकदम घालू नये. त्यातील क्लोरीन माशांना मारक असते. ते घालवण्यासाठी दुकानात औषध मिळते. ते घातल्यावरच पाणी वापरावे.

थंड पाणी येताच माशाला काय वाटते? त्याला वाटते, पाऊस आला! त्याच्या देशातही पहिल्या पावसाने नदीचे पाणी थंड होते आणि अंडी घालण्याचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे जूनमध्ये सरी कोसळू लागल्या की पेटीतील कोरीही कधी कधी आपोआप अंडी घालतात.

अंडी घालण्याची त्यांची रीत मोठी मजेची आहे. मादी नराच्या पोटाला तोंड लावून त्याच्या आडवी उभी राहते. पोटाखालचे दोन पर जोडून ती लहानशी ओंजळ करते. त्या ओंजळीत ती दोन-चार अंडी घेते, काच स्वच्छ करते आणि त्यांना तेथे चिकटवते. मग पुन्हा नराकडे येते. असे कितीतरी वेळा चालते. घरातील मोठी माणसे फजरच्या नमाजासाठी उठतात, त्या वेळी तुम्हीही पेटीकडे एक नजर टाका. काचेवर साबुदाण्यापेक्षाही लहान, मोत्यांसारखे दाणे दिसतील.

पण येथेच खरे संकट सुरू होते. एंजल टपून बसलेला असतो. टेट्राही अंडी टिपतो. एवढेच नव्हे, तर अंडी घालणारे आईबापसुद्धा थोड्या वेळाने तीच अंडी खाऊ लागतात! त्यांना दोष देऊ नका. नदीत अंडी घालून ते पुढे निघून जातात. पेटीत त्यांना पुढे जायला वाटच नसते. ती अडचण आपण निर्माण केली आहे. तेव्हा राखण करण्याची जबाबदारीही आपलीच.

ही राखण कशी करावी? अंडी घातल्यावर काही वेळ थांबावे, म्हणजे ती थोडी टणक होतात. मग हात स्वच्छ धुवावेत. साबणाचा अंश राहू देऊ नये. बोटाच्या टोकाने किंवा प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने अंडी अलगद सोडवावीत. एका स्वच्छ डब्यात त्याच पेटीतील पाणी घ्यावे आणि अंडी त्यात ठेवावीत. पाणी दुसरे घेतले तर अंड्यांना धक्का बसतो. डब्यात हवेची नळी सोडावी. बुडबुडे मंद असावेत. पाणी हलले पाहिजे, अंडी उसळता कामा नयेत.

अंड्यांचा दुसरा शत्रू डोळ्यांना लवकर दिसत नाही. तो म्हणजे बुरशी. जे अंडे फळलेले नसते ते पांढरे पडते आणि त्यावर कापसासारखे तंतू येतात. असे अंडे ड्रॉपरने लगेच काढून टाकावे. नाहीतर शेजारच्या चांगल्या अंड्यांवरही बुरशी पसरते. पाणी फिकट निळे दिसेल एवढेच मिथिलीन ब्ल्यू घालतात. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे. पुष्कळ पाळणारे बदामाचे वाळलेले पान धुऊन पाण्यात ठेवतात. त्याचा रस बुरशीला आवरतो. थंडीत लाल होऊन गळणारी ती रुंद पाने तुम्ही नेहमी पाहता.

चांगली अंडी हळूहळू तपकिरी होतात. तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. पहिले एक-दोन दिवस त्यांना काही खायला देऊ नये. पोटाला लागलेल्या पिवळ्या पिशवीवर ती जगतात. नंतर आर्टेमियाची अगदी बारीक पिल्ले त्यांना द्यावीत. खाद्य थोडे द्यावे आणि थोडे पाणी रोज बदलावे. उरलेले अन्न कुजले की पाणी विषारी होते. प्रेमापोटी जास्त खाऊ घालणे म्हणजे त्यांचा जीव घेणेच होय.

मित्रांनो, सगळेच मिशाळ मासे अंडी सोडून जात नाहीत. देशी मागूर उथळ पाण्यात खळगा करतो आणि त्यातील अंड्यांजवळ नर पहारा देतो. आपल्या समुद्रातील शिंगाळा तर याहून नवलाचा. त्याची अंडी गोटीएवढी मोठी असतात. नर ती तोंडात धरून फिरतो. पिल्ले पोहू लागेपर्यंत तो उपाशी राहतो! पण १९८० च्या सुमारास कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी असे अंडी सांभाळणारे नर फार मोठ्या प्रमाणात पकडले गेले. बाप गेला, त्याबरोबर तोंडातली पिढीही गेली. पुढे तेथील शिंगाळा पुष्कळ घटला.

आपल्या पनवेलचेच पाहा. माथेरानच्या डोंगरातून गाढी नदी येते. पहिला जोराचा पाऊस झाला की कोकणातल्या नद्यांतील मासे प्रवाहाच्या उलट चढतात. ओढ्यांतून, भातखाचरांतून ते अंडी घालायला जातात. याला 'वलगण' म्हणतात. त्या दिवशी जाळी आणि टोपल्या घेऊन माणसे धावतात. गाबोळीने भरलेला मासा चवीला चांगला लागतो, हे खरे. पण त्या एका माशाच्या पोटात पुढच्या वर्षाचे शेकडो मासे असतात. समुद्रात दर पावसाळ्यात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. गावच्या ओढ्यावर पहारेकरी कोण ठेवणार? तेथे आपले मन हाच पहारेकरी.

आणखी एक खबरदारी घ्या. पेटीतील मासे वाढले, नकोसे झाले, म्हणून ते वडाळे तलावात किंवा गाढी नदीत सोडू नका. तुम्हांला ते पुण्याचे काम वाटेल. पण परके मासे आपल्या माशांचे अन्न आणि जागा बळकावतात. दक्षिण अमेरिकेचाच सकर मासा उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. कोळ्याला त्याचा उपयोग नाही, जाळ्याचे मात्र नुकसान. जास्तीचे मासे मित्राला द्या किंवा दुकानदाराला परत करा.

काचेवरचे एक अंडे वाचवायला किती खटपट करावी लागते, हे तुम्ही वाचलेत. नदीतल्या अंड्याला मात्र आपल्याकडून फार काही नको असते. पहिल्या पावसात त्याच्या आईला वरपर्यंत जाऊ द्या, एवढेच ते मागते.

शब्दार्थ

राखणदार – हिफाजत करणारा
तंतू – बारीक धागा, रेशा
बुरशी – फफूंद
पिढी – नस्ल
गाबोळी – माशाच्या पोटातील अंडी
भातखाचर – भाताचे लहान शेत
बळकावणे – जबरदस्तीने घेणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोरी मासा मधून मधून पाण्याच्या वर का येतो?
(आ) पांढरे पडलेले अंडे लगेच का काढावे?
(इ) 'वलगण' म्हणजे काय?

२. कारणे लिहा.
(अ) थंड पाणी घातल्यावर कोरी अंडी घालतो.
(आ) पेटीतील मासे तलावात सोडू नयेत.

३. 'जबाबदारी', 'खबरदारी', 'नजर' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.

४. उपक्रम : पूर्वी गावच्या ओढ्यात कोणकोणते मासे मिळत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. आज त्यांपैकी कोणते मिळतात? आठ-दहा ओळी मराठीत लिहा.