एका गरजेला एकच पान

आजचा सल्ला औषधपाण्याचा नाही. मीरा रोड-भाईंदरमध्ये ज्यांचा दवाखाना, लॅब किंवा नर्सिंग होम आहे आणि त्याची वेबसाइटही आहे, त्यांनी तो आवर्जून वाचावा. बाकीच्यांनीही वाचावा, कारण वेबसाइटवर एकाच विषयाची अनेक पानं असली की झळ शेवटी रुग्णालाच लागते.

कुत्रा चावला की हल्ली आधी मोबाइल हातात घेतला जातो. (खरं तर आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची.) शोधल्यावर एखाद्या दवाखान्याचं पान दिसतं: लस पाच वेळा, ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. आठवड्याने तेच शब्द टाकले, तर त्याच दवाखान्याचं दुसरं पान वर आलेलं असतं: लस चार वेळा, ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर आहेत. पहिलं वेळापत्रक स्नायूत टोचायच्या लशीचं, दुसरं त्वचेत द्यायच्या लशीचं. सरकारी रुग्णालयांत बहुधा त्वचेतली लस मिळते, खासगी दवाखान्यांत बहुधा स्नायूतली. पण हा फरक दोन्ही पानांवर कुठेच लिहिलेला नसतो. स्नायूत लस घेणाऱ्याने दुसरं पान वाचलं, तर १४व्या दिवशीचा डोस राहून जातो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, हे लक्षात घेतलं तर दोन पानांमधला हा गोंधळ किती महागात पडू शकतो ते कळेल. जखमेतून रक्त आलं असेल, तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते बिचारं तिसऱ्याच पानावर असतं.

अशी पानं साचतात कशी? दर पावसाळ्यात डेंग्यूवर नवा लेख चढतो, जुना तसाच राहतो. मग वस्त्यांची पानं येतात: मीरा रोड, भाईंदर पूर्व, भाईंदर पश्चिम, काशीमिरा. मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. जितकी पानं जास्त तितके आपण शोधात वर, असं वेबसाइट करून देणारे सांगतात आणि डॉक्टर मान डोलावतात. मला हे मुळीच पटत नाही. निव्वळ शोधात दिसावं म्हणून काढलेल्या अशा पानांना गूगलच्या नियमांत ‘डोअरवे’ म्हणतात आणि ती स्पॅममध्ये मोजली जातात. शिवाय जाहिरात करून रुग्ण ओढू नयेत, असं वैद्यकीय व्यवसायाची २००२ सालची आचारसंहिताही सांगते.

एकाच घरातले दोघे एकाच वॉर्डात उभे राहिले तर घरची मतं फुटतात. इथेही तेच होतं. बाहेरून कुणी तुमच्या माहितीचा दुवा दिला, तर तो कधी या पानाला जातो, कधी त्या. यातलं मुख्य पान कोणतं हे गूगलला कळत नाही. ते आलटून पालटून दोन्ही दाखवतं आणि दोन्ही खाली राहतात.

तपासणी सोपी आहे. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्सचा अहवाल उघडा, ‘कुत्रा चावल्यावर लस’ असा एक शोध निवडा आणि त्यासाठी तुमची कोणकोणती पानं दिसली ते पाहा. दोन-तीन पानांत क्लिक विखुरले असतील, तर ती पानं शेजारी शेजारी उघडून स्वतः वाचा. हे काम वेबसाइटवाल्यावर सोपवू नका. कोणतं वाक्य कालबाह्य झालंय, हे डॉक्टरलाच कळतं.

मात्र दोन पानांत एक शब्द सारखा दिसला म्हणून लगेच कात्री चालवू नये. वाचणाऱ्याची गरज वेगळी असेल तर पानंही वेगळी हवीत. डेंग्यूची लक्षणं शोधणाऱ्या आईला ताप, अंगदुखी आणि धोक्याच्या खुणा हव्या असतात, आणि आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये हे ठळक अक्षरांत हवं असतं. एनएस१ चाचणी कधी करायची हे विचारणाऱ्याला पहिल्या पाच दिवसांचं महत्त्व सांगायचं असतं. ही दोन पानं सुखाने नांदू शकतात; एकमेकांचा दुवा तेवढा द्या. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी पानंही एकमेकांची स्पर्धक नव्हेत. आपल्या शहरात या चारही भाषा लागतात. प्रत्येक पानावर त्याच्या इतर भाषांतल्या जोडीदारांची नोंद hreflang (‘एचरेफलँग’) या खुणेने करून घ्या.

गरज एकच असेल तर मात्र पानं एकत्र करा. सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान ठेवा, बाकीच्यांतला उपयोगी मजकूर त्यात आणा: दोन्ही वेळापत्रकं, कोणती लस तुमच्याकडे मिळते, सुरुवात दुसरीकडे झाली असेल तर पहिल्या दिवसाचा कागद सोबत आणा ही सूचना. मग जुन्या पत्त्यांवरून नव्या पानाकडे ३०१ प्रकारचा कायमचा रिडायरेक्ट लावा. जुनं पान नुसतं पुसून टाकू नका, आणि मुखपृष्ठाकडेही वळवू नका. घाबरलेल्या माणसाला तिथे रेबीजचा शब्दही दिसत नाही. दोन्ही पानं काही कारणाने ठेवावीच लागली, तर ‘कॅनॉनिकल’ खूण लावून मुख्य पान कोणतं ते सांगता येतं, पण गूगल ती सूचना मानेलच असं नाही. वेबसाइटच्या आतले सगळे दुवेही नव्या पानाकडे वळवा; हे हमखास विसरलं जातं.

पानाच्या वरच्या बाजूला, मजकूर शेवटचा कधी तपासला ती तारीख आणि तपासणाऱ्या डॉक्टरचं नाव लिहा. पुढच्या पावसाळ्यात नवा लेख नको, हेच पान उघडून दुरुस्त करा. गूगलला बदल कळायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात घाबरून जुनी पानं परत चढवू नयेत. रिडायरेक्ट किमान वर्षभर तरी ठेवा. तुमच्या केसपेपरवर किंवा लसीकरणाच्या कार्डावर जुन्या पत्त्याचा क्यूआर कोड छापलेला असेल, तर त्या पत्त्यावरचा रिडायरेक्ट कधीच काढू नका: २८व्या दिवसाचा डोस बाकी असलेला रुग्ण तोच कोड स्कॅन करणार आहे.