मोफत प्रमाणपत्राचा कस

खामगाव, जिल्हा बुलढाणा

ग्राहक कोण, तो कोठे आहे आणि त्याला काय हवे आहे हे ओळखून माल त्याच्यापर्यंत नेण्याचा जो सगळा व्यवहार त्यास विपणन किंवा मार्केटिंग म्हणतात, आणि ज्या टप्प्यावर गिऱ्हाईक प्रत्यक्ष पैसे मोजते तो विक्रीचा. या दोन्ही विषयांचे ऑनलाइन वर्ग आज मोफत मिळतात, शेवटी एक परीक्षा होते आणि उत्तीर्ण होणाऱ्यास नाव छापलेले प्रमाणपत्र मिळते. वाणिज्य शाखेच्या पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या भाच्याने ती मिळवावीत काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ती कोण देते आणि मोफत का देते, हे पाहणे इष्ट होय.

‘हबस्पॉट’ ही ब्रायन हॅलिगन आणि धर्मेश शाह यांनी 2006 साली अमेरिकेत स्थापन केलेली कंपनी ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर विकते. गिऱ्हाइकामागे धावण्याऐवजी उपयुक्त माहिती देऊन त्यालाच आपल्याकडे येऊ द्यावे, या पद्धतीस तिने ‘इनबाउंड’ हे नाव रूढ केले आणि त्याच पद्धतीचे मोफत वर्ग ती चालवते. गूगलचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे, आणि जाहिरात कशी द्यावी हे ‘स्किलशॉप’वर शिकवणारीही तीच. 2017 च्या जानेवारीत गूगलने भारतातील लहान व्यावसायिकांसाठी ‘डिजिटल अनलॉक्ड’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा फिक्की ही उद्योगसंस्था आणि इंडियन स्कूल ऑफ बिझनेस यांची नावे त्यास जोडली गेली, तरी शिकलेला दुकानदार पुढे जाहिरात कोणाकडे देणार हे सांगावे लागत नाही. म्हणजे हे वर्ग स्वतःच विपणनाचा उत्तम नमुना आहेत, आणि चौकस विद्यार्थ्याने त्यांतला पहिला धडा वर्ग उघडण्यापूर्वीच शिकून घ्यावा. यात फसवणूक काही नाही. मात्र अमुक ठिकाणी जाहिरातच देऊ नये, असा सल्ला त्या वर्गात क्वचितच ऐकू येईल.

खामगाव चांदीसाठी ओळखले जाते आणि चांदीच्या गावात वाढलेल्या मुलास हॉलमार्क समजावून सांगण्याची गरज नसावी: भारतीय मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या तपासणी केंद्रात दागिन्याचा कस पाहिला जातो, म्हणून विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज त्या शिक्क्यास स्वतंत्र वजन असते. मोफत प्रमाणपत्र हा विकणाऱ्यानेच उठवलेला शिक्का होय. शिवाय बहुतेक परीक्षा घरबसल्या, पर्यवेक्षकाविना होतात. गूगल अ‍ॅड्सच्या परीक्षेस 80 टक्के गुण लागतात हे खरे, परंतु नापास झालेल्यास एका दिवसाने पुन्हा बसता येते आणि तयार उत्तरे शोधणाऱ्यास ती सापडतातही. नोकरी देणाऱ्यास हे सारे ठाऊक असते.

तरीही एका ठिकाणी या शिक्क्यास खरा भाव आहे. दुसऱ्यांच्या जाहिराती चालवणाऱ्या संस्थेस गूगलची ‘पार्टनर’ ही मान्यता हवी असेल, तर तिने हाताळलेल्या जाहिरातींचा खर्च आणि कामगिरी पाहिली जातेच, शिवाय जाहिरातखाती सांभाळणाऱ्या तिच्या माणसांपैकी किमान निम्म्यांकडे गूगल अ‍ॅड्सचे प्रमाणपत्र असावे लागते. पुण्या-नागपुरातील अशा संस्थेत अर्ज करणाऱ्याकडे ते आधीच असेल, तर तिचे एक काम वाचते. या प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते, म्हणून ते अर्ज करण्याच्या सुमारास मिळवावे. दोन वर्षे आधी मिळवून भिंतीवर लावण्यात अर्थ नाही. संकेतस्थळावर कोण आले आणि काय करून गेले हे मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सची जुनी पद्धत 1 जुलै 2023 पासून बंद झाली आणि तिच्यावरील प्रावीण्याचे कागद एका दिवसात जुने झाले, हेही ध्यानी असावे.

कागद बाजूला ठेवला, तर उरते ती विद्या, आणि ती मात्र घेण्याजोगी आहे. शोधयंत्रावरील जाहिरातीत जागा लिलावाने मिळते. परंतु केवळ जास्त बोली लावणारा वर जातो असे नाही, तर जाहिरात शोधणाऱ्याच्या कितपत उपयोगाची आहे हेही मोजले जाते, आणि सहसा पैसे कोणी जाहिरातीवर बोट ठेवले म्हणजे क्लिक केले तरच द्यावे लागतात. समजा, एका क्लिकला 8 रुपये पडले, 100 क्लिकांमागे पाच जणांनी दूरध्वनी केला आणि त्यांपैकी एकाने खरेदी केली, तर एका विक्रीमागे जाहिरातीचा खर्च 800 रुपये झाला. खामगावच्या चांदीच्या पूजासाहित्यावर 1500 रुपये सुटत असतील, तर हा खर्च सोसतो. शेगावच्या कचोरीवाल्याने तो केला, तर हंगामभराची कमाई त्यात जाईल. कचोरीचे गिऱ्हाईक गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेले असते, ते स्टेशनाबाहेर उभेच असते. त्याला वाट दाखवण्यापुरती दुकानाची नकाशावरील नोंद पुरते, आणि 2021 पर्यंत ‘गूगल माय बिझनेस’ व त्यानंतर ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हटली जाणारी ही नोंद विनामूल्य आहे. कोठे जाहिरात करावी आणि कोठे नोंद पुरे, हा विवेक परीक्षेच्या पर्यायी प्रश्नांतून येत नाही. तो वहीत खर्च आणि विक्री समोरासमोर मांडल्यावरच येतो.

ज्यास कागदच हवा, त्याने ज्यासाठी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते असा कागद पाहावा. आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटीईएल’मध्ये विपणनाचे वर्ग मोफत असून केवळ परीक्षेस शुल्क पडते, आणि केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावरील अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत धरण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने केली आहे; अमरावती विद्यापीठ आणि स्वतःचे महाविद्यालय त्यांपैकी कोणते धरतात, हे आधी कार्यालयात विचारून घ्यावे. जे मोफत आहे तेच पडद्यावर दाखवून हजारोंनी शुल्क घेणाऱ्या शिकवण्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

तेव्हा दहा प्रमाणपत्रांचा ढीग करू नये. शोध-जाहिरातींचे एक आणि मोजमापाचे एक, एवढे दोन वर्ग श्रावणापर्यंत पुरे करावेत. धनत्रयोदशीपूर्वी चांदीच्या दुकानांत गर्दी सुरू होते. त्या गर्दीच्या दिवसांसाठी सराफ्यातील परिचित दुकानदाराने नकाशावरील नोंद दुरुस्त करण्यास आणि थोडी जाहिरात चालवून पाहण्यास संमती दिली आहे. पैसा त्याचा असल्याने आरंभी रोज 200 रुपयांची मर्यादा घालावी, दूरध्वनी करणाऱ्या प्रत्येकास जाहिरात पाहून विचारणा केली काय हे पुसावे, आणि खर्चाची वही दुकान बंद होण्यापूर्वी दुकानदारास दाखवून तिच्यावर त्याची सही घ्यावी.